संगमरवराचे सात तुकडे

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीच्या पलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि मी लिहिलं ते प्रयोगवहीत. आठवणी लिहिणं हे जाणत्या माणसांचं काम आहे असं मला अजून वाटतं. तरी हे लिहितो आहे, कारण एक गोष्ट मी ज्यांना सांगायला हवी होती त्यांना सांगितली नाही.

आम्ही बदलापूरचे. आमच्या कात्रप भागात तेव्हा इमारती थोड्या आणि भातशेती जास्त होती. शेतीवर भागेना म्हणून बाबा उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये संगमरवराच्या कारखान्यात दगड घासायला जात. तिथं घरातले देव्हारे बनत. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्राणिशास्त्राच्या मॅडमनी मला एक प्रकल्प दिला. नदीतले बारीक झिंगे कॉलेजातल्या काचेच्या टाकीत किती दिवस जगतात, ते पाहायचं. झिंगे आईनं पकडून दिले. उल्हास नदीच्या काठचं गवत टोपलीत झटकलं की ते पडत. डबा माझ्या हातात देताना ती म्हणाली, "तव्यावर टाकायच्या जिनसाला काचंचा बंगला! नशीब काढलं रं झिंग्यांनी."

टाकी रिकामी दिसते, लपायला काही हवं, असं मी घरी सहज बोललो. चार दिवसांनी बाबांनी जेवणाच्या पिशवीतून संगमरवराचे सात तुकडे काढले. देव्हाऱ्यांचे दगड कापताना उरलेले. प्रत्येकाची कड त्यांनी दुपारच्या सुट्टीत घासून गोल केली होती.

"शेठ हसला मला," ते म्हणाले. "बोलला, अरे भाई, मंदिर का पत्थर मछली को खिलाएगा क्या? मी बोललो, मछली नाय, झिंगं. पोराच्या कॉलेजातली."

"पण घासलेस कशाला, बाबा?"

"धार लागंल ना त्यांना. अंग नाजूक त्यांचं."

पाण्याचा मी फार विचार केला होता. नळाच्या पाण्यात औषध असतं, नदीच्या पाण्यात घाण. मग सगळ्यांत शुद्ध पाणी कुठलं? प्रयोगशाळेतलं, वाफ थंड करून काढलेलं. मी तेच भरलं. प्रयोगशाळेतले परिचर काका कॅन देताना म्हणाले, "झिंग्यांना इंजेक्शन देणार का रे?" मी हसलो नाही. शुद्ध म्हणजे चांगलं, याबद्दल मला शंकाच नव्हती. आमच्याकडे कॉलेजात जाणं हेसुद्धा तसंच शुद्ध मानलं जाई.

दीड महिना झिंगे उत्तम राहिले. वाढताना झिंगा जुनं कवच टाकतो आणि आतून नवं, मऊ कवच घेऊन निघतो. ते पुढं घट्ट होतं. टाकलेली कवचं त्या पांढऱ्या दगडांच्या आडोशाला सापडत. बाबा रोज हातपाय धुताना विचारत, "झिंगं काय बोलतात?" मी सांगे, आज दोघांनी कपडे बदलले. त्यांना ते फार आवडे.

मग मी एका पुस्तकात वाचलं की ज्या दगडावर आम्ल टाकल्यावर फेस येतो तो टाकीत ठेवू नये. त्यातला चुना पाण्यात उतरतो आणि पाणी जड होतं. मी एका तुकड्यावर थेंब टाकला. फसफसलं. त्याच दिवशी सातही काढून घरी आणले, आणि शेजारचे काका बसलेले असताना म्हणालो, "बाबा, तुझे दगड पाणी बिघडवतात. पुस्तकात आहे."

बाबांनी तुकडे हातात घेतले. "मंग काढलंस ते बरं केलंस. तू शिकलास, तुला ठावं." त्यांनी ते मोरीच्या कोपऱ्यात ठेवले.

मी टाकीत तेच शुद्ध पाणी नव्यानं भरलं आणि नदीतले काळे दगड ठेवले. त्यांच्यावर आम्ल टाकलं तर काहीच होत नाही, पुस्तकाच्या दृष्टीनं अगदी सज्जन दगड. पंधरवड्यात झिंगे मरू लागले. कुणी कवचातून अर्धा बाहेर येऊन, कुणी पूर्ण निघूनही भिजल्या कागदासारखा मऊ. घरी मी म्हणालो, "त्या दगडांचा असर अजून आहे." हे वाक्य मला आजही ऐकू येतं. त्यानंतर बाबांनी झिंग्यांबद्दल विचारणं बंद केलं.

शेवटचा झिंगा गेल्यावर मॅडमनी एकच प्रश्न केला. "पाणी कुठलं भरलं होतंस?" मी सांगितलं. "अरे, त्या पाण्यात काहीच नसतं. कवचाला चुना लागतो. तुझ्या टाकीत तो फक्त त्या पांढऱ्या दगडांतून येत होता. मुळात जड असलेल्या पाण्यात ते दगड त्रास देतात. तुझ्या पाण्याला तेच हवे होते."

मी ते प्रयोगवहीत लिहिलं, इंग्रजीत, सहा ओळींत. गुण बरे मिळाले. घरी सांगितलं नाही. रोज ठरवायचो, आणि बाबा पांढऱ्या भुवयांनी मोरीत वाकले की त्यांच्या हातावर पाणी ओतत दुसरंच काही बोलायचो. लाज होतीच. पण भीती जास्त होती: इथं चुकलो हे कबूल केलं, तर माझ्या बाकीच्या शिकण्यावर त्यांनी कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा? आता वाटतं, हा हिशेब फक्त माझा होता. त्यांचा नव्हता.

पुढं मला महाडकडे एका कारखान्यात पाणी तपासायची नोकरी लागली. दोन वर्षं मी रोज पाण्यातला चुना मोजत होतो, आणि सुट्टीत घरी जाऊनही ते सांगत नव्हतो.

मग धाकट्या बहिणीचं आंतर्देशीय पत्र आलं. आईची तब्येत, भाताची लावणी, आणि शेवटी घडीच्या कडेला दाटीनं लिहिलेलं: "बाबांनी मोरीतले ते सात दगड घमेल्यात ठेवून विहिरीचं पाणी भरलं आणि आईकडून झिंगे आणवले. चार महिने झाले, एकही मेला नाही. काल एकीच्या पोटाखाली अंडी दिसली. बाबांनी तुला विचारायला सांगितलंय, तेव्हा तू पाणी कुठलं घातलं होतंस?"