अंगठा छाट

आक्कांच्या पसंतीला पूर्ण उतरेल अशी वस्तू निपाणीत अजून तयार व्हायची आहे, असं मी म्हटलं तर आमच्या गल्लीत कुणी हरकत घेणार नाही. आक्का आमच्या शेजारी एकट्या राहतात आणि पन्नासएक वर्षं विड्या वळतात. कारखान्यात वळलेल्या विड्या तपासून नीट नसतील त्या बाजूला टाकतात, त्याला छाट म्हणतात. आक्कांनी हा शब्द तिथून घरी आणला आणि सगळ्या जगाला लावला. भाजीवालीच्या पाटीतली वांगी छाट. लग्नातला मसालेभात छाट. संकेश्वरचा जावई तर बघताक्षणी छाट. "मग लेक दिली कशाला?" असं माझ्या आईनं एकदा विचारलं, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "बाकीची त्याच्याहून छाट हुती." मी बारावी पास झाल्याचा पेढा नेऊन दिला, तर त्यांनी तो आधी मोडून आतून तपासला.

त्यांचं घड्याळही विड्यांचंच. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. भात शिजायला एक कट्टा लागतो, आणि मी कॉलेजला बेळगावला जाते ते आठ कट्ट्यांवर आहे. एसटी रस्त्यात बंद पडली की अकरा.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे सरकारी कागद म्हटला की गल्ली माझ्याकडे येते. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण तसं सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. म्हणून आक्कांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला तेव्हा त्यांचं कागदांचं काम माझ्याकडेच आलं. खरं तर डोळ्यांचं आधीच कळायला हवं होतं. मांडीवरच्या सुपात तंबाखू कमी आणि लुगड्यावर जास्त सांडत होती, आणि महिनाभर आक्का कशालाच छाट म्हणाल्या नव्हत्या. कारखान्यात आता त्यांच्याच विड्या छाट निघत होत्या. असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून वळायला पान-तंबाखू मिळणार नाही, असं त्यांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनला पुढचा सोमवार दिला आणि त्याच्या आत सरकारी विम्याचं कार्ड काढून आणा म्हणाले.

मी सगळी माहिती वाचून, वहीत उतरवून त्यांच्याकडे गेले.

"आक्का, सत्तरीच्या पुढच्यांना सरकार आरोग्य विमा देतं. गरीब-श्रीमंत बघत नाहीत. फक्त आधार कार्ड लागतं."

"हप्ता किती?"

"हप्ता नाही."

"मग छाट असणार."

"नाही हो. यादीतल्या दवाखान्यात दाखल झालात तर खर्च सरकार करतं. नुसतं तपासून गोळ्या घेऊन आलात तर नाही."

"म्हंजे झोपलं तर फुकट, बसलं तर पदरचं."

माझी दोन पानं त्यांनी एका ओळीत आटोपली. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "आनि कार्ड घेऊन मी आजारीच न्हाय पडले तर? सरकारला वाईट वाटंल की गं."

शुक्रवारी आम्ही सेवा केंद्रात गेलो. तिथला मुलगा कानडी होता. "अज्जी, बेरळ इडरी," म्हणाला, म्हणजे बोट ठेवा. आक्कांनी अंगठा ठेवला. यंत्र लाल झालं. दुसरा अंगठा, लाल. दहाही बोटं झाली. मुलानं हात धुवून यायला सांगितलं, मग खोबरेल तेल लावून बघितलं, मग ते पुसून बघितलं. लालच. बोटांवर रेघाच उरल्या नव्हत्या.

"काय म्हनतंय त्ये?" आक्कांनी विचारलं.

मुलगाच म्हणाला, "मशीन घेईना, अज्जी. रिजेक्ट."

आक्का खुर्चीत ताठ झाल्या. "मला छाट काढलं?" त्या यंत्राकडे वाकून म्हणाल्या, "कितवी शिकलाईस रं तू?"

मोबाईलवर येणारा नंबर टाकून काम होतं, पण आधारला जोडलेला मोबाईल जावयाचा, तोही कधीचा बंद. "म्हनलं नव्हतं?" आक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या. जावई पुन्हा एकदा नापास झाला.

शेवटी मुलानं आतून डोळा वाचायचं यंत्र आणलं. डोळ्यासाठी कार्ड, आणि कार्डासाठी डोळा. मी हळूच म्हटलं, "आक्का, डोळा मोठा करा."

"दिसत न्हाय म्हनून तर आलोय, आनि ह्येला माझ्या डोळ्यात बघायचंय," असं पुटपुटत त्यांनी पापणी दोन बोटांनी वर धरली. लाल. पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी त्या पापणीही न हलवता यंत्राकडे अशा रोखून बघत राहिल्या, की त्या नजरेपुढं जावईसुद्धा कबूल झाला असता. यंत्र हिरवं झालं. कार्ड निघालं. आक्कांनी ते उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाल्या, "फोटू छाट हाय."

सोमवारी ऑपरेशन झालं. दवाखान्यात त्यांनी तीन खाटांवर बसून बघितलं आणि चौथी घेतली, कारण आता झोपणं फुकट होतं.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले, तर आक्का काळा चष्मा लावून उन्हात बसलेल्या, मांडीवर सूप. मला बघून त्यांनी चष्मा काढला आणि स्वतःचा अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिल्या. इतकं स्वच्छ त्यांना फार दिवसांनी दिसत होतं.

"रेघा खरंच न्हाईत गं."

"कुठं गेल्या असतील, आक्का?"

"विडीत वळल्या. एकेका विडीत थोड्या थोड्या. लोकांनी वडल्या, धूर झाला." हे त्यांनी वांग्यांचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मग त्यांनी माझा हात ओढून घेतला, अंगठा उन्हाकडे वळवला आणि पानाच्या शिरा बघतात तसा तिरपा करून तपासला. मी पेढ्यासारखी वाट बघत उभी राहिले.

"सगळ्या हायत," त्या म्हणाल्या. हात काही लगेच सोडला नाही. "छाट न्हाय."