इंजिन उतरवलं त्या एप्रिलात

आमच्या घराच्या अंगाला पत्र्याचं एक छप्पर होतं. त्यात म्हैस असायची. बहात्तरच्या दुष्काळात कडब्याची पेंढी बघायला मिळेना, तेव्हा म्हैस विकली, आणि रिकाम्या छपरात आमच्या ह्यांनी सरकारी लिलावातली एक जुनी जीप आणून उभी केली. ती ट्रकमागं दोरानं बांधून आली. रेडिएटरमधलं पाणी आटलेलं असताना कुणीतरी ती तशीच दामटली होती आणि पिस्टन आतल्या आत चिकटून बसले होते. मी शाळेत निघाले की लोक वाटेत विचारायचे, "मास्तरीणबाई, नवी म्हैस दूध किती देती?" मी म्हणायची, कडबा तरी मागत नाही.

हे उस्मानाबादला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. सुट्टीला यायचे, बॉनेट उघडायचे, जरा वेळ आत बघायचे आणि जेवायला बसायचे. सवडीनं करू, म्हणायचे. त्यांच्या स्वभावात सवड भरपूर होती. माझ्यात ती नावालाही नव्हती, त्यामुळं आमचा संसार बरा चालला होता.

बेंबळीच्या पुढं आमचं गाव, आणि वेशीबाहेर आमचा बौद्धवाडा. एप्रिलातल्या जयंतीला तसबीर बैलगाडीत बसवून मिरवणूक निघायची. गाडी असायची चेअरमनची. चेअरमन म्हणजे गावच्या सहकारी सोसायटीचे. बियाणं, खत, कर्ज, सगळं त्यांच्या होकारावर. जयंतीला गाडी द्यायचे, बैलांची शिंगंसुद्धा रंगवून द्यायचे. फक्त मिरवणूक वेशीतून पेठेत यायची नाही, बाहेरच्या पांदीनं, शेतांमधल्या कच्च्या वाटेनं जायची. हे कुणी तोंडानं बोलत नसे. वेस आली की चेअरमनचा गाडीवानच बैल पांदीकडं वळवायचा, आणि आमची माणसं मागून चालत राहायची.

त्या साली मी ते बोलून दाखवलं. मी रोज त्याच वेशीतून शाळेत जात होते. पेठेतल्या घराघरातली लेकरं माझ्यापुढं पाटी घेऊन बसत होती. चेअरमनच्या नातवाचा हात हातात धरून त्याला अ गिरवायला मीच शिकवलं होतं. ज्यांच्यामुळं माझ्या हातात खडू आला त्यांची तसबीर पांदीच्या फुफाट्यातून जाणार, आणि मी पगारी नोकर म्हणून तेवढी पेठेतून चालणार, हे मला सहन होईना. यंदा मिरवणूक पेठेतूनच गेली पाहिजे, असं मी ठरवूनच टाकलं.

वाड्यातली जाणती माणसं चेअरमनकडं गेली, त्यांच्याबरोबर मीही गेले. आम्ही पेठेचं नाव काढलं. चेअरमन चिडले नाहीत. पान जुळवत म्हणाले, "बैलं छावणीत हायती, बाई. त्यांच्यात दम कुठं ऱ्हायलाय? पांदीनं जाणार असाल तर बघतो कायतरी." म्हणजे लांबच्या पांदीनं जायला बैलांत दम होता आणि जवळच्या पेठेतून जायला नव्हता. असले बैल मी तोवर बघितले नव्हते.

परत येताना मी सांगून टाकलं की गाडी आपल्याच घरात उभी आहे. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी त्याच सांजेला उस्मानाबादच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, रजा टाकून या. हे आले. बॉनेट उघडलं, आत बघितलं, पण ह्यावेळी मी जेवायला वाढलंच नाही. "जागेवर व्हायचं न्हाय," हे म्हणाले, "इंजिन खाली घ्यावं लागंल."

डेपोत त्याला साखळीची क्रेन असते. आमच्याकडं विहीर होती, म्हणजे विहिरीचा खड्डा. दुष्काळी कामावर वाड्यातल्या बायामाणसांनी तो खणला होता. खाली काळा खडक लागला, पाण्याचा टिपूस नाही, काम बंद पडलं. वर दगडमाती ओढायची लोखंडी कप्पी आणि तारेचा दोर मात्र तसाच होता. ती कप्पी काढून आणली, तीन बल्ल्या डोक्याकडं एकत्र बांधून छपरात उभ्या केल्या आणि मधोमध कप्पी टांगली.

मग जीप सोलायला घेतली. बॉनेट काढून भिंतीला लावलं. दुसऱ्या दिवशी बघते तर आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते आडवं करून त्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. रेडिएटर निघाला, पंखा निघाला, वायरी सुटल्या. कुठला बोल्ट कुठचा हे विसरू नये म्हणून मी मिसळणाचा डबा रिकामा केला. मोहरीच्या वाटीत कार्बोरेटरचे बोल्ट, जिऱ्याच्या वाटीत सायलेन्सरचे, हळदीच्या वाटीत गिअरबॉक्सचे. आत्याबाईंनी तेव्हापासून माझ्याशी अबोला धरला. भाजीला फोडणी मात्र देत होत्या, कशानं ते मी विचारलं नाही.

गिअरबॉक्सकडचे बोल्ट गंजले होते. हे वरून धरायचे आणि मी जीपखाली उताणी पडून पाना लावायची, कारण ह्यांचे खांदे तिथं मावत नव्हते. रॉकेल टाकायचं, हातोडीनं ठोकायचं, पुन्हा पाना. तोंडावर गंज पडायचा. सकाळची शाळा असायची, तेव्हा नखांतलं काळं घेऊनच मी वर्गात जायची. मुख्याध्यापक माझ्या बोटांकडं बघून म्हणाले, शिक्षिकेला हे शोभत नाही. शोभायचं काय ते मी त्यांना विचारणार होते, पण लेकरांचे पाढे राहिले होते.

इंजिन उचलायच्या दिवशी दोर ओढायला बायाच आल्या. विहिरीवर हाच दोर त्यांनी महिनोन् महिने ओढला होता. बल्ल्या करकरल्या. इंजिन वीतभर उठलं आणि अडलं. ह्यांनी ते दोन्ही हातांनी हलवलं, शिव्या दिल्या, पुन्हा हलवलं. एकदम खाडकन आवाज झाला आणि ते सुटून अधांतरी झुलायला लागलं. जीप मागं सारून आम्ही ते खाली टायरवर उतरवलं. तेलानं माखलेलं, काळंभोर. आत्याबाई त्याच्याकडं बघत म्हणाल्या, "एवढ्याशासाठी एवढी मोठी गाडी?"

इंजिन उघडलं. आतला ब्लॉक सोलापुरात नेऊन मशीनवर घासून घ्यायचा आणि नवे पिस्टन बसवायचे होते. एसटीच्या टपावर ब्लॉक टाकून हे सोलापूरला गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. दुष्काळात विजेची कपात चाललेली, मशीन दिवसातून घटकाभर चाले, आणि पुढं कामांची रांग लागलेली. जयंतीआधी होणार नाही, असं कारखानदारानं सरळ सांगितलं. ह्यांनी पायरीवर बसून चपला काढल्या आणि बराच वेळ त्या हातातच धरल्या.

ही बातमी वेशीच्या आत पोचायला वेळ लागला नाही. सोसायटीचा शिपाई काहीतरी निमित्त काढून आला. बॉनेट नसलेल्या जीपमध्ये वाकून बघितलं, आतून जमीन दिसत होती. हसत गेला. सांजेला निरोप आला की गाडी पाठवतो, बैलांची सोय झाली आहे, पांदीनं जावा.

लिंबाखाली बैठक बसली. म्हातारी माणसं म्हणाली, तसबीर गाडीत बसल्याबिगर राहायला नको, पांदीनं तर पांदीनं, पुढल्या साली बघू. तरणी पोरं खाली बघत होती. ह्यांनीही मान हलवली. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी उठून छपरात गेले. समोर ती जीप. सगळा राग काढून मी तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती सुरसुर मागं गेली आणि भिंतीवर आपटली. पत्रे धडधडले.

मी तशीच परत आले आणि म्हटलं, आपण ही ढकलत नेऊ.

मग एक म्हातारे म्हणाले की लोक हसतील, आणि त्यांचं खोटं नव्हतं. इंजिन नसलेली जीप गावातून ढकलत न्यायची म्हणजे हसण्यासारखंच होतं. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून आत्याबाई उठल्या. माझ्याशी अबोला होता, म्हणून बोलल्या ते ह्यांच्याकडं बघून. "वरीसभर सरकारच्या रस्त्याला दगुड वाह्यले म्या," त्या म्हणाल्या. "आपली गाडी ढकलाया लाज कसली?"

चेअरमनना निरोप गेला की गाडी नको.

जयंतीला मिरच्या उचलून बॉनेट जागेवर बसवलं. जीप धुवायला पाणी कुठलं, रॉकेलच्या फडक्यानंच पुसली. निळं कापड लावलं, मागच्या बाजूला उंच पाट मांडून तसबीर बसवली. हे स्टिअरिंगला बसले. पुरुष माणसांनी मागून हात लावला, पण वाड्याबाहेरच्या फुफाट्यात चाकं रुतायला लागली, तेव्हा बाया आल्या. दरवर्षी बाया दारात उभ्या राहून ओवाळायच्या आणि घरात जायच्या. यंदा त्यांनी पदर खोचले. लेकुरवाळ्यांनी लेकरं जीपमध्ये टाकली. बॅटरी चांगली होती, त्यामुळं हॉर्न वाजत होता, आणि हे तो वाजवायचा थांबतच नव्हते.

वेशीत चढ आहे आणि उंबऱ्यासारखा आडवा दगड आहे. तिथं चाकं अडली. पांद डाव्या हाताला मोकळी होती. हे मागं वळून माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, बघताय काय, सरळ धरा. सगळ्यांनी खांदे लावले, विहिरीवर बाया घालायच्या तसली आरोळी घातली, आणि पुढची चाकं दगडावरून पलीकडं उतरली. मग मागची. आम्ही पेठेत होतो.

पेठेत दुकानांच्या फळ्यांवर माणसं उभी होती. काही हसत होती, काही नव्हती. माझ्या वर्गातली लेकरं बाई, बाई म्हणून हाका मारत होती आणि घरातून कुणीतरी त्यांना आत ओढत होतं. चेअरमन आपल्या ओट्यावर बसले होते. जीप त्यांच्यासमोर आली तेव्हा मी घामानं निथळत होते. केस सुटले होते, हात काळे.

"मास्तरीणबाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाडीला इंजिनच न्हाय म्हणं?"

"न्हाय," मी म्हटलं. "म्हणून तर आमी समदे आलोय."

आम्ही थांबलो नाही.

ब्लॉक नंतर सोलापूरहून आला, इंजिन चढलं, आणि हळदीच्या वाटीतल्या एका बोल्टाची जागा काही केल्या सापडली नाही, तरी जीप चालू झाली. पुढल्या जयंतीला हे इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगला बसले आणि त्यांनी चावी फिरवली. इंजिन एका फटक्यात सुरू झालं. वाड्यातल्या बाया पदर खोचून मागं येऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. आत्याबाई पुढं गेल्या, हात घालून त्यांनी इंजिन बंद केलं आणि चावी काढून कमरेला खोचली.

"ढकला," म्हणाल्या.