पाठमोरा डावखुरा

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो. पार्ट संशयास्पद वाटला की लाल क्रेटमध्ये टाकायचा, हा आमचा शिरस्ता. निवृत्तीनंतर रविवारी भोसरीत हौशी बेसबॉलच्या सामन्यांना अंपायर म्हणून उभा राहू लागलो, तरी ती सवय सुटली नाही.

त्या दिवशी आम्ही दोघंच अंपायर. दुसरा होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या पाठीशी, मी पहिल्या बेसजवळ. सकाळी टपरीवर तो एका डावखुऱ्या फलंदाजाला टाळ्या देत हसताना दिसला होता. संशयाला मला तेवढं पुरलं. जिल्ह्याच्या संघाची निवड त्याच सामन्यावरून होणार होती.

डावखुऱ्यावर दोन स्ट्राइक झाल्या होत्या; तिसरी झाली की आउट. पुढचा चेंडू बाहेरून गेला. त्याची बॅट निघाली आणि मध्येच थांबली. निदान तसं वाटलं. प्लेटमागच्याने ‘बॉल’ दिला, म्हणजे बॅट फिरली नाही, स्ट्राइक नाही.

“सर, पूर्ण फिरवली त्याने! त्यांना विचारा ना!” कॅचर ओरडला.

नियमाप्रमाणे प्लेटमागच्याने निर्णयासाठी माझ्याकडे बोट केलं. माझ्या मनात आलं, याला आपल्या माणसाला वाचवायचंय आणि बोलणी मला खायला लावायचीत. खरं तर डावखुरा माझ्याकडे पाठ करून उभा होता. बॅट कुठवर गेली, मला दिसलंच नव्हतं. अशा वेळी बॅट फिरली नाही असंच म्हणायचं असतं. तरी मी मूठ वर केली, म्हणजे फिरली. तिसरी स्ट्राइक, आउट.

“काय राव काका, चष्मा घरी ठेवून आलात काय?” बाहेरून कुणीतरी ओरडलं. डावखुरा बॅट घेऊन बाहेर गेला. संघात त्याचं नाव आलं नाही.

“जुनी ओळख दिसते तुमची,” मी नंतर प्लेटमागच्याला खोचून म्हणालो.

“कुणाशी? आज पहिल्यांदा पाहिला त्याला. टपरीवाल्याने चहात मीठ घातलं, म्हणून हसत होतो.”

मला पटलं नाही. अजूनही पुरतं पटत नाही.

गेल्या महिन्यात पिंपरीच्या बसस्टॉपवर तो डावखुरा भेटला.

“काका, मला वाटलं होतं मी हात आवरला. पण तुम्ही फिरली म्हणालात. मग स्वतःच्या हातांवर भरवसाच राहिला नाही. सोडलं खेळणं. खरंच फिरली होती का हो?”

त्याच्या हातात मोबाइल होता. हा रेकॉर्ड तर करत नाही ना, हेच माझ्या डोक्यात आधी आलं.

“फिरली होती,” म्हणालो आणि आलेल्या बसमध्ये चढलो. ती माझी बसही नव्हती.

बाबा रे, मला दिसलं नव्हतं. तुझ्या हातांवर संशय घेऊ नकोस. घ्यायचाच तर माझ्यावर घे.