बांधलेले हात
सांध्यांना चोळायच्या गंधपुऱ्याच्या तेलाचा वास आला की धाकट्या बहिणीचे सुजलेले गुडघे आठवतात. उज्जैन तेव्हा मध्य भारत राज्यात होतं आणि राजधानी भोपाळला जाणार, याचीच चर्चा माधव नगरातल्या आमच्या घरी चाले. गुडघे बरे झाले, पण दोन महिन्यांनी तिचे हात उडू लागले. संध्याकाळी शुभंकरोतीला जोडलेले हात आपोआप सुटत, तोंड वाकडं होई. देवापुढे वेडावते म्हणून आई तिला मारायची. वडिलांनी विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरांना घरी बोलावलं. चहा घेत ते म्हणाले, "तिकडे पाच वर्षांत असं मूल पाहिलं नाही. नखरे हैं, बस. लाड बंद करा." मग आईने तिचे हात रिबिनीने बांधायचं काम मला दिलं. "ताई, मी नाही गं करत, हातच करतात," ती म्हणायची. "मग हातांना सांग," मी म्हणायचे, आणि आई हसायची. काही आठवड्यांनी हात खरंच थांबले. आईने शेजारणींनाही हा उपाय सांगितला. पावसाळ्यानंतर तिला जिना चढताना दम लागू लागला. सरकारी दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे अशी मुलं नेहमी येत. त्यांनी छाती तपासून विचारलं, "पहले घुटने सूजे थे? फिर हाथ नाचे?" आई अभिमानाने म्हणाली, "हाथ तो हमने बांधके ठीक कर दिये." "हाथ अपने आप रुकते हैं, बाई. दिल बिगड़ जाता है." बहीण त्या हिवाळ्यात गेली. बांधल्यानेच हात सुधारले होते, असं आई म्हातारपणीही सांगायची. मी शेजारी बसून मान डोलावत असे.