हरिहरच्या अलीकडचा टोलनाका

“कॅप्टन, आज संध्याकाळी साडेसातला रिपोर्ट करू शकाल का?”

रोस्टर विभागाचे प्रमुख मेनन यांनी हे विचारले, तेव्हा सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली होती. मी कोल्हापुरात माझ्या घरी अंथरुणात होतो आणि विमान बेंगळुरूला उभे होते. मध्ये सहाशे किलोमीटरचा रस्ता. त्या दिवशी कोल्हापुराहून बेंगळुरूला प्रवासी विमान नव्हते आणि वेळेत पोहोचवील अशी रेल्वेही नव्हती.

या दिवसाची हकिकत आमच्या नातलगांत आणि वैमानिकांत तीन प्रकारे सांगितली जाते. कागलचा माझा मेहुणा बापू प्रत्येक लग्नात सांगतो की दाजींचे विमान चुकले. कंपनीच्या पत्रात लिहिले आहे की खासगी प्रवासामुळे कॅप्टन उड्डाणास अपात्र ठरले. आणि त्या दिवशीची माझी सहवैमानिक अनन्या हिने माझ्या निरोप समारंभात भाषण केले की कॅप्टननी क्षणाचाही विचार न करता माघार घेतली. तिन्ही आवृत्त्या चुकीच्या आहेत. तिसरी सर्वांत अधिक, कारण ती ऐकायला मलाही बरी वाटते.

मी मालवाहू विमाने चालवीत असे. लोकांची पार्सले, औषधे, फुले या शहरातून त्या शहरात नेणे हे आमचे काम, आणि ते बहुतांशी रात्रीचे. कोणी कोणत्या दिवशी कोणते विमान न्यायचे याचा महिन्याचा तक्ता म्हणजे रोस्टर. ड्यूटी जेथून सुरू होते तो विमानतळ म्हणजे बेस. माझा बेस बेंगळुरू, घर कोल्हापूर. पत्नी शैला उचगावच्या शाळेत शिकवत होती आणि परगावी खोली घेऊन एकट्याने भात शिजवण्याची मला हौस नव्हती. काही दिवस काम, काही दिवस घर, असे मी अकरा वर्षे केले. ड्यूटीच्या आदल्या दिवशी बेसला पोहोचायचे, हा माझा स्वतःचा नियम होता. अकरा वर्षांत एकदाही उशीर झाला नाही. हे खोडून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

तो दिवस माझ्या सुट्टीचा होता. नकार देण्याचा मला पूर्ण अधिकार होता. परंतु पंधरा दिवसांपूर्वी माझ्यासारखाच परगावाहून येणारा एक वैमानिक वेळेत पोहोचला नव्हता. बेसपासून दोन तासांच्या आत राहणे सक्तीचे करणारे परिपत्रक तेव्हापासून मेनन यांच्या टेबलावर पडून होते. केवळ सही राहिली होती. ती झाली असती, तर निवृत्तीपर्यंतची तीन वर्षे घर सोडून काढणे किंवा राजीनामा देणे, याखेरीज माझ्याकडे काही उरत नव्हते.

मी घड्याळ पाहून तास मोजू लागलो. मेनन म्हणाले, “तुम्ही कोल्हापुरात आहात का? मग राहू द्या. मी इथल्याच कोणाला तरी बघतो.”

त्या ‘इथल्याच’ने माझे डोके फिरले. “साडेसातला हजर असेन,” मी म्हणालो.

शैलाने हे ऐकले होते. मी पहाटे तीनला झोपलो होतो, हेही तिला ठाऊक होते. सलग चार रात्री उड्डाणे करून आलेल्या माणसाचे शरीर घरी आल्यावरही रात्रपाळीतच असते. “अहो, निदान बापूचा ड्रायव्हर तरी घ्या,” ती म्हणाली आणि माझ्या होकाराची वाट न पाहता तिने भावाला फोन लावून माझ्या हातात दिला.

“दाजी, कागलात हायवेला डायवर उभा करतो. तुम्ही मागं पडून निवांत घोरा की.”

“मी साठ टनांचे विमान चालवतो, बापू. मोटार चालवायला मला माणूस लागत नाही.”

“विमानात बी दोघं असत्यात की, दाजी.”

मी फोन शैलाच्या हातात परत दिला. कागलच्या हायवेवर त्याचा ड्रायव्हर माझी गाडी ओळखून हात करीत होता. मी थांबलो नाही.

निपाणी, बेळगाव, धारवाड. हुबळीजवळ एक टँकर आडवा झाला होता. तेथे पाऊण तास गेला. त्यानंतर माझ्या डोक्यात एकच गणित फिरत राहिले. उरलेले किलोमीटर किती, उरलेली मिनिटे किती. मेनन यांचा दोनदा फोन आला. कुठे आहात, एवढेच विचारले. दोन्ही वेळा मी होतो त्याच्या पन्नास किलोमीटर पुढचे गाव सांगितले. हावेरीला चहा घेतला. जेवण टाळले, कारण जेवल्यावर झोप येते. एवढी खबरदारी मी घेतली होती, हे नमूद करतो.

सात वाजून आठ मिनिटांनी मी बेसवर सही केली. म्हणजे बावीस मिनिटे आधी. बापूने हे वाक्य दोनदा वाचावे.

उड्डाणापूर्वी आमची श्वासचाचणी होते, दारू घेतली आहे का ते पाहण्यासाठी. मी नळीत फुंकले. शून्य आले. झोपेसाठी अशी नळी अजून निघालेली नाही. त्यानंतर टॅबलेटवर ‘मी उड्डाणास तंदुरुस्त आहे’ या ओळीपुढे खूण करायची असते. मीही केली. ती नियमाप्रमाणेच होती. वैमानिकाने किती तास काम करावे आणि मध्ये किती विश्रांती घ्यावी, याचे कडक नियम आहेत. परंतु काम मोजायला सुरुवात होते ती रिपोर्ट केल्यापासून. घर ते बेस हा प्रवास त्या मोजणीत येत नाही. मी अकरा तास स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि कागदावर ते अकरा तास माझी विश्रांती होते.

अनन्या फ्लाइट प्लॅन काढत होती. पोहोचलो, असे शैलाला कळवण्यासाठी मी फोन हातात घेतला. वर टोलचे मेसेज साचले होते. प्रत्येक नाक्यावर गाडीच्या काचेवरचा टॅग वाचला जातो, दांडी आपोआप उचलली जाते आणि मेसेज येतो. मी ते सहज वाचू लागलो. कोगनोळी आठवले. बेळगावच्या पुढचा आठवला. हावेरीच्या अलीकडचा आठवला.

हरिहरच्या अलीकडचा आठवेना.

मी डोळे मिटून पुन्हा रस्ता लावून पाहिला. रानेबेन्नूरचा पूल येत होता. त्यानंतर थेट दावणगेरेजवळचा पेट्रोल पंप येत होता. मधला अर्धा तास नव्हता. त्या अर्ध्या तासात मी वेग कमी केला, रांगेत गाडी लावली, दांडी वर होण्याची वाट पाहिली आणि पुढे गेलो. हे सर्व कोणी केले, ते मला ठाऊक नव्हते.

क्षणाचाही विचार न करता, असे अनन्या म्हणते. मी वीस मिनिटे विचार केला. मेसेज माझ्याच फोनमध्ये होता. पुसला तर कोणाला कळणार नव्हते. चाचणीत मी शून्य होतो. आता माघार घेतली तर परिपत्रकावर मीच सही केल्यासारखे होते, आणि परगावाहून येणारे आणखी चौघे माझ्यामुळे भरडले जाणार होते. मी काळी कॉफी प्यालो. अनन्यासमोर बसून हवामान पाहिले. इंधनाचा आकडा विचारला. थोड्या वेळाने पुन्हा विचारला.

“सर, फ्युएल आत्ताच सांगितलं ना तुम्हाला,” ती हसून म्हणाली.

तिच्यासाठी तो विनोद होता. मी उठून बाहेर आलो आणि मेनन यांना फोन केला.

“मी अनफिट आहे. स्टँडबायला बोलवा.”

“सही करून, चाचणी देऊन आता सांगताय? कारण काय लिहू?”

“लिहा, टोलनाका आठवत नाही.”

थट्टा करतो आहे, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी ‘खासगी प्रवास’ असे लिहिले. त्यांनीच सुट्टीच्या दिवशी बोलावले होते, हे मात्र त्या पत्रात कोठेही नाही.

स्टँडबाय म्हणजे अशा वेळेसाठी गणवेश तयार ठेवून घरी थांबलेला वैमानिक. तो चाळीस मिनिटांत आला. विमान पावणेदोन तास उशिरा सुटले. ते धावपट्टीवरून उठेपर्यंत मी काचेपाशी उभा होतो. चुकलेले विमान असे उभे राहून पाहता येत नाही.

परिपत्रक आठ दिवसांत निघाले. त्यात एक बदल होता. परगावी राहण्यास हरकत नाही, मात्र रिपोर्टच्या बारा तास आधी बेसच्या शहरात असल्याचे लेखी द्यायचे. म्हणजे माझाच जुना नियम, फक्त आता सक्तीचा. मी विमानतळाजवळ देवनहळ्ळीला खोली घेतली. कोल्हापूरचे घर टिकले, पण सुट्टीत अचानक बोलावले तर जवळ असावे म्हणून तिथले महिन्यातले तीन-चार दिवस गेले. चौघांपैकी एकाने माझ्याशी बोलणे सोडले, ते आजतागायत. शैलाने ड्रायव्हरचा विषय पुन्हा काढला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

तरुण वैमानिक सल्ला विचारतात. मी एवढेच सांगतो की ड्यूटी घराच्या फाटकापासून मोजा, कंपनी काहीही मोजो.

गेल्या महिन्यात नातेवाइकांकडे बेंगळुरूला जायचे होते. बापूने न विचारता ड्रायव्हर पाठवला. मी निमूटपणे मागच्या सीटवर बसलो. रानेबेन्नूर गेल्यावर त्याला गाडी हळू घ्यायला सांगितले आणि तो टोलनाका पाहिला. चांगला रुंद आहे. वर मोठे छप्पर, पिवळे-काळे कठडे, काचेच्या केबिन, दोन्ही बाजूंना ट्रकांच्या रांगा. न दिसण्यासारखे तेथे काहीही नाही.