मंडपीचे चार हुक

माझी नात पुण्यात नवा फ्लॅट सजवते आहे. परवा फोनवर म्हणाली, "आजी, आधी आपली स्वतःची स्टाईल शोधायची असते म्हणे. तुला तुझी कशी सापडली?"

"छत पाडून," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी चावटपणा करते आहे. म्हणून हे सगळं लिहायला बसले.

अठ्ठ्याण्णव साली रत्नागिरीहून पावसला जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या घरात एक अठ्ठेचाळीस वर्षांची बाई राहत होती. दिसायला बरी, कामाला वाघ, आणि अकलेचं म्हणाल तर ते पुढे कळेलच. तिचा नवरा मुंबईला कंपनीत. मे महिन्यात पंधरा दिवस आणि गणपतीत आठ दिवस, एवढाच काय तो तिच्या वाट्याला यायचा. मुलं मोठी होऊन पांगली होती. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण दोघांनी एका छपराखाली काढलेले दिवस धरले तर संसार दोन वर्षांचाही भरला नसता. त्याला चहात साखर किती लागते, हे तिला दर मे महिन्यात नव्याने विचारावं लागायचं.

त्या मे महिन्यात ते पडवीत बसले होते आणि मी आत आंब्याची साठं घालत होते. (आता 'ती बाई' पुरे झालं. मीच ती.) ते तिथूनच म्हणाले, "दिवाळीपर्यंत कंपनी सुटेल. पण इथं येऊन मला काही करमायचं नाही गो. एकाने दुकानात बसायचं काम बघून ठेवलंय तिकडे. बघू. गणपतीला येईन तेव्हा ठरवू."

माझे हात कोपरापर्यंत रसात. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि ताटात रस पसरत राहिले. ते साठ कुठे जाड, कुठे पातळ झालं. वर्षभर कोणी खाल्लं नाही.

ते मुंबईला गेल्यावर मी हिशोबाने विचार केला. माझा विचार असा: इथे करमत नाही म्हणजे घर आवडत नाही. घर आवडत नाही म्हणजे मुंबईचं घर आवडतं. तर आपण इथेच मुंबई करायची. एवढं सरळ! शेजारच्या भाभीला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती पापलेट साफ करत होती. भाभीचा नवरा आखातात. नवऱ्याची वाट बघण्यात आम्ही दोघी सारख्याच तरबेज. तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "वैनी, त्यांना विचारलंत काय, काय आवडतं ते?"

"विचारायचं काय त्यात? मी बायको आहे."

"हो तर," भाभी म्हणाली आणि परत माशाकडे वळली.

मुंबईचं घर मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, नणंदेचं, आठ दिवस. ते स्वतः ज्या खोलीत राहत, ती गावातल्या पुरुषांची. तिथे बायकांनी जायचा प्रश्नच नव्हता. नणंदेकडची एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली होती. तिथे मान वर केली की पांढरं, सपाट छत. वासे नाहीत, कौलं नाहीत, कोळिष्टकं नाहीत.

सुतार आला. जांभ्याच्या भिंतींतल्या शिसवी खुंट्या मी त्याच्याकडून एकेक उपटून घेतल्या. भोकं बुजवली. वर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट. समोरच्या भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं भलंमोठं चित्र. शोकेसमध्ये प्लास्टिकची फुलं. मग वाशांच्या खाली हार्डबोर्डचं सिलिंग. काम करता करता सुतार थांबला.

"वैनी, ह्या मधल्या वाशांना चार हुक हायत. त्यांचं काय करू?"

"काप."

तो माझ्याकडे बघत राहिला. "वाकवून ठेवतो," म्हणाला. "कापत नाय."

"काय ते कर. बोर्ड सपाट बसला पाहिजे."

भाभीने तिचा जुना मरून गालिचा दिला. वर बजावलं, "पावसात अंथरू नका हां. आम्ही दसऱ्यानंतर काढतो." पण मला कुठे दसऱ्यापर्यंत वेळ होता?

जुलैपर्यंत सगळ्याने माझा सूड घेतला. ऑइलपेंटखाली भिंतीला घाम फुटला, फोड आले, बर्फाच्या डोंगरावर हिरवी बुरशी चढली. गालिचा पायाखाली पचपच करायला लागला. तो मी चुलीवर आडव्या बांबूला टांगून तीन दिवस शेकला. सुकला खरा, पण खालच्या शिंक्यात सुके बांगडे होते, त्यांचा वास घेऊन सुकला. हॉलमध्ये अंथरला की शेजारची मांजरं येऊन भक्तिभावाने बसायची. सिलिंग ओल पिऊन मधोमध फुगलं, गाभण म्हशीच्या पोटासारखं, आणि त्याच्यावरून उंदीर धावायचे.

आज हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. मी रोज सकाळी उठून आधी भिंत पुसायची, मग गालिचा उलटा करायची, मग स्टुलावर चढून सिलिंगचं पोट तळहाताने वर दाबायची. दाबून धरते तोवर ठीक. हात काढला की ते परत खाली. एकदा तशीच हात वर करून उभी असताना मला रडू फुटलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. त्यांच्या चार ओळींच्या पत्रात एवढंच होतं की गणपतीच्या आदल्या दिवशी येतो आणि दुकानवाल्याला होकार-नकार तिथून परतल्यावर सांगतो.

ते आले. नव्या रेल्वेने, भिजून. दारात उभे राहून हॉल न्याहाळला.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"ताईच्या घरासारखं."

ताई म्हणजे तीच नणंद. मला आकाश ठेंगणं झालं. मग त्यांनी ओला शर्ट काढला आणि सवयीने भिंतीकडे हात नेला. खुंटी नव्हती. दुसऱ्या भिंतीकडे गेले. तिथेही नव्हती. शर्ट हातात घेऊन ते घरभर फिरत राहिले. चहासुद्धा त्यांनी डाव्या हातात शर्ट धरून प्याला. शेवटी नव्या सोफ्याच्या कडेला बसले, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखे.

दुपारी त्यांनी स्वयंपाकघरावरच्या पोटमाळ्यातून मंडपी काढली. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर ही लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात आणि तिला रानातलं, परसातलं जे त्या दिवसांत पिकतं ते बांधतात. ती टांगणं हे पुरुषाचं काम, बांधणं बायकांचं. दर वर्षी आदल्या दिवशी दुपारी ते मंडपी पुसायचे, वर चढवायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूर्ती यायची. त्यांनी ती खोबरेल लावून पुसली, डोक्यावर घेतली, हॉलच्या मधोमध आले आणि वर बघितलं.

मी परातीत कवंडळं, ती तांबडी रानफळं, निवडत होते.

"हुक?" ते म्हणाले.

मी परात पुढ्यात ओढून घेतली.

"अगो, हुक कुठे गेले?"

तीस वर्षं त्या चार हुकांखाली मी फळं बांधली आणि मला ते आठवले नाहीत! कारण तिथे हात त्यांचा पोचायचा, माझा नाही. वर्षाचे उरलेले दिवस ते हुक माझ्यासाठी नव्हतेच.

त्यांनी मंडपी भिंतीला टेकवली आणि त्या फुगलेल्या सिलिंगकडे बघत राहिले. मग हळू आवाजात बोलले. तीस वर्षांत ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. "तिकडे खोलीत आम्ही अकरा जण. मी वरच्या फळीवर निजतो. नाकापासून हातभर अंतरावर असाच पुठ्ठा आहे. असाच फुगलेला. रोज डोळे उघडले की तो. गावाला येतो तेव्हा आधी वर बघतो. कौलांत ती एक काच आहे ना, तिच्यातून उन्हाचा कवडसा पडतो, तो बघतो. तो पण तू झाकलास गो."

"मग मे महिन्यात करमत नाही कशाला म्हणालात?"

"तू दिवसभर आंब्यांत, साठांत. मला कोणी हाक मारत नव्हतं. बसून काय करू? पाहुण्यासारखा."

मी उठले, आंबे काढायची आकडी आणली आणि सिलिंगच्या पोटात घातली. ओढली. आधी उंदरांचं घरटं आलं, मग दोन महिन्यांची धूळ, मग अख्खा तुकडा माझ्या खांद्यावर. ते "थांब, थांब" म्हणत होते आणि मी ओढत होते. आवाजाने भाभी धावत आली.

"या अल्ला! वैनी, घर पाडताय की काय?"

"मुंबई पाडतेय," मी म्हटलं आणि मला रडू आवरेना.

भाभीने गालिच्याची वळकटी केली, वास घेतला आणि नाकाला पदर लावून म्हणाली, "ह्याचं कालवण करा आता."

हुक जागेवर होते, वाकवलेले. त्यांनी स्टुलावर चढून पक्कडीने सरळ केले. मंडपी चढली. मग मी स्टुलावर चढून केवणीच्या झाडाच्या सालीने बांधायला घेतलं: मधोमध तवसं म्हणजे मोठी काकडी, बाजूंना नारळ आणि सुपारीची घोसदार शिंपुटं, कवंडळं सारखी न लावता कुठे तीन, कुठे एकच. ते खालून एकेक हातात देत होते. "हे असं लावायचं तुला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. मी आठवायला गेले. कोणीच नाही. सासूबाई सगळं एका रांगेत बांधायच्या आणि माझ्यावर चिडायच्या.

पण गोष्ट तिथे गोड झाली नाही. विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी ते मुंबईला परत गेले. मंडपी उतरवायची राहिली. दुकानवाल्याचं काय, ते बोलले नाहीत. मी विचारलं नाही. शर्टाची घडी करून बॅगेत ठेवली, बस.

मंडपी उतरवणं त्यांचं काम. दुसऱ्या कोणाला मी हात लावू दिला नाही. तवसं सडून पडलं तेव्हा तिथे भाताच्या लोंब्या बांधल्या. सुपाऱ्या गळल्या तिथे सुक्या तांबड्या मिरच्यांचे गुच्छ, मग लसणाच्या वेण्या. दिवाळी गेली, पत्र आलं नाही. भाभी म्हणायची, "गणपती गेले, तुमचा बाजार अजून लटकतोय." रोज त्या काचेच्या कवडशात उभं राहून मी काहीतरी बदलायची. नाहीतर दिवस गेला नसता. घर सजवणं म्हणतात ते हेच का, हे मला माहीत नव्हतं. पुढे येणारा-जाणारा दारात थांबून वर बघायला लागला, तेव्हा मला जरा समजलं.

शिमग्याला ते आले. बॅग नव्हती, ट्रंक होती. मंडपीवर तेव्हा काजूची पिवळी-लाल बोंडं आणि कैऱ्या होत्या.

"अजून उतरवली नाहीस?"

"माझा हात पोचत नाही."

त्यांनी खाली उभं राहून वर बघितलं. मग शर्ट काढला, हातात धरला आणि म्हणाले, "खुंट्या टाकल्यास की ठेवल्यास?"

चुलीमागच्या डब्यात होत्या. मी डबा आणला, हातोडी आणली. पहिली खुंटी त्यांनी दाराशेजारी ठोकली, पिस्ता रंगाचे पापुद्रे माझ्या अंगावर उडवत. ठोकून झाल्यावर शर्ट अडकवला. मग दुसरी माझ्यासमोर धरून विचारलं, "ही किती खाली ठोकू? तुझा हात पोचेल अशी सांग."