जुईची धाप

आमच्या विंगेत किस्से धुवायच्या कपड्यांसारखे साचतात. रोज आवरा, संध्याकाळी पुन्हा ढीग. त्यात गेल्या वर्षापासून जुईची भर.

मी गुरुग्रामच्या एका नाटक कंपनीत कपडेपट सांभाळते. आमची नाटकं म्युझिकल, म्हणजे स्टेजवर नाचायचं आणि त्याच वेळी स्वतः गायचंही. जुई फरीदाबादची, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. टीव्हीवरच्या डान्स स्पर्धेत तिसरी आलेली. कंपनीत मराठी आम्ही दोघीच, त्यामुळे मी लगेच मावशी झाले.

पहिल्या तालमीत पोरगी अशी नाचली की कीबोर्डवाला वाजवायचं विसरला. नाच संपला, तर ही हात जोडून, हसत, मधोमध उभीच. हलायला तयार नाही. आमचे दिग्दर्शक कबीरसर म्हणाले, "क्या हुआ?"

"सर, कमेंट्स?"

टीव्हीवर परीक्षक बोलेपर्यंत जागा सोडायची नसते ना!

*

खरी पंचाईत गाताना झाली. गळा गोड, पण पाय हलले की दुसऱ्याच ओळीला धाप. टीव्हीवर गाणं रेकॉर्डेड असायचं, हिनं फक्त नाचायचं. सरांनी स्पष्टच सांगितलं, "एक महीना. साँस संभली तो हिरोइन, नहीं तो पीछे की लाइन."

जुई कपडेपटात येऊन रडली. "मावशी, मागच्या लाइनीत उभं राहायला मी टीव्ही सोडला का?"

"रडण्यात श्वास घालवू नकोस," मी म्हटलं, "तोच कमी पडतोय."

*

मग तिचे बाबा कामाला लागले. रोज सकाळी बापलेक सोसायटीचे सात मजले चढायचे. ती गात पुढे, ते घड्याळ धरून मागे. पाचव्या मजल्यावरच्या आंटींनी दार उघडलं. "भाईसाब, लिफ्ट तो चल रही है."

"जी, पता है. लिफ्ट में साँस नहीं फूलती."

दुसऱ्या आठवड्यात आंटीच दारात उभ्या राहून सांगायला लागल्या, "बेटा, आज चौथी मंज़िल पे ही साँस ले ली तूने."

*

मधे एकदा लेस घ्यायला तिला करोल बागला नेलं. दुकानदारानं लगेच ओळखलं. "आपको तो हमारे पूरे घर ने वोट दिया था! अब क्या कर रही हो?"

"थिएटर."

बिचाऱ्याचा चेहराच पडला. "कोई बात नहीं बेटा, बुरा वक़्त सबका आता है," म्हणत त्यानं दोन मीटर लेस जास्त कापली. जुई समजावायला निघाली, तर मी तिला चिमटा काढला. लेस फार सुरेख होती.

*

महिना संपला. कबीरसरांची एक सवय आहे. गाणं तपासायचं असलं की ते स्टेजकडे पाठ करून बसतात. चेहरा दिसला की कान फसतो, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशीही तसेच बसले. जुई अनवाणी, कीबोर्ड जोरात. तिनं अख्खं गाणं म्हटलं आणि अख्खा नाच केला, गिरक्या, उड्या, सगळं. एक सूर हलला नाही. विंगेत माझाच श्वास अडकला होता.

गाणं संपलं. सर पाठमोरेच म्हणाले, "अच्छा है. चलो, अब यही नाचते हुए गाओ."

मी स्टेजवर गेले, तिची घामानं निथळणारी ओढणी काढली आणि सरांच्या हातात दिली.

त्यांनी ओढणीकडे बघितलं. मग वळून जुईकडे. "मावशी, हिरोइन का ड्रेस इसके नाप का बनाओ."

"बन चुका है," मी म्हटलं. "पंद्रह दिन हो गए."